धड आणि चिंध्या : घरगुती हस्तकामाच्या अपूर्णतेचा नैतिक विचार

१

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण ज्याच्यावर उगारली जाते तो माणूस आळशी नसतो. आळशाजवळ चिंध्यांचाही भारा साठत नाही. म्हणीचा रोख असतो तो पुष्कळ कामे हाती घेऊन एकही तडीला न नेणाऱ्यावर. ‘आरंभशूर’ हा शब्दही याच कुळातला; शौर्य आरंभीच संपून गेले, हा त्यातला उपरोध. या दोन्ही प्रयोगांच्या मुळाशी एक नैतिक गृहीतक आहे. काम सुरू करणे म्हणजे ते पूर्ण करण्याचे दायित्व पत्करणे होय, आणि पूर्ण न झालेले काम मोडलेल्या वचनाच्या जातीचे असते, असे हे गृहीतक. व्रतवैकल्यांच्या परंपरेने ते अधिक बळकट केले आहे. संकल्पाने धरलेले व्रत उद्यापनावाचून फळत नाही, आणि व्रताची कहाणीदेखील ‘सुफळ संपूर्ण’ झाल्याखेरीज थांबत नाही. फळ आणि पूर्णता हे दोन शब्द येथे एकमेकांना इतके बिलगले आहेत की, पूर्णतेवाचूनही फळ असू शकेल ही शक्यताच नजरेआड होते.

या गृहीतकाची परीक्षा घ्यायची तर घरातले एक अगदी साधे स्थळ उपयोगी पडते. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील मराठी घरांत खाटेखालच्या ट्रंकेत किंवा माळ्यावरच्या बोचक्यात अर्धवट राहिलेले हस्तकाम सापडते. एका बाहीवाचून राहिलेला स्वेटर. तीन मोर भरून झालेली आणि चौथ्याची नुसती कार्बनची निळी रेघ उरलेली चादर. क्रोशाचा अर्धा रुमाल. सुईसकट गुंडाळून ठेवलेली गोधडी. मण्यांच्या तोरणाची सुटी पाने. यातील बहुतेक काम स्त्रियांच्या हातचे असते. त्याविषयी विचारले असता मिळणारे उत्तर एकाच क्रियापदाचे असते: ‘ते राहिलं.’ मराठीत ‘राहणे’ म्हणजे वस्ती करणे आणि ‘राहणे’ म्हणजेच न होणे. काम राहिले याचा अर्थ ते झाले नाही असा होतो, आणि ते अजून घरात आहे असाही होतो. म्हणीला यांपैकी पहिला अर्थ तेवढा ठाऊक आहे. दुसऱ्या अर्थाला काही नैतिक वजन आहे की नाही, हा प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न आहे.

२

अपूर्ण कामावरील आरोपाचे सर्वांत परिचित रूप इच्छाशक्तीच्या दौर्बल्याचे आहे. हितकर काय ते ठाऊक असूनही माणूस ते करीत नाही, या अवस्थेची चर्चा अरिस्टॉटलने ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या सातव्या खंडात केली आहे. परंतु हा विचार ज्याला लागू करावयाचा त्याचा स्वतःच्या वेळेवर ताबा असला पाहिजे, ही त्याची पूर्वअट आहे. मुंबईच्या चाळीत ही अट क्वचितच पुरी होत असे. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे बांधलेल्या चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती. स्वयंपाक, झोप, मुलांचा अभ्यास, आजारपण आणि गावाहून आलेला पाहुणा यांची सोय एवढ्याच जागेत होई. गिरणी पाळ्यांनी चाले, त्यामुळे रात्रपाळी करून आलेला माणूस भर दिवसा त्याच खोलीत झोपलेला असे. नळाला पाणी येण्याची वेळ ठरलेली असे, आणि ती वेळ चुकवणे परवडणारे नसे. अशा घरात चादर पसरून ती भरावयाची तर आधी जागा मोकळी व्हावी लागे, आणि पुन्हा गरज पडताच ती जागा परत करावी लागे.

या परिस्थितीने केवळ कामाचा वेगच ठरवला नाही, कामाची जातही ठरवली. विणकाम, क्रोशा, भरतकाम आणि गोधडी या चारही प्रकारांत एक समान लक्षण आहे: त्यांत कोणत्याही टाक्यावर थांबता येते. चुलीवरचे दूध थांबत नाही, तव्यावरची भाकरी थांबत नाही, रडणारे मूल थांबत नाही, टाका थांबतो. ज्या हातांना वेळ सलग मिळत नाही त्यांनी थांबू शकणारी कामे निवडावीत, हे स्वाभाविक होते. व्हर्जिनिया वुल्फ यांनी ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ (१९२९) या ग्रंथात इंग्लिश लेखिकांविषयी असेच निरीक्षण मांडले आहे. सर्वांच्या वावराच्या खोलीत, वारंवार व्यत्यय सोसत लिहावयाचे असल्याने त्यांना काव्यापेक्षा गद्य आणि कथात्म लेखन सोयीचे पडले, असे त्या सुचवितात. स्वतःच्या खोलीचा प्रश्न एकच खोली असणाऱ्या घरात अधिक तीव्र होतो, आणि तेथे व्यत्यय हा कामावरचा आघात न राहता कामाच्या रचनेतच शिरतो. थांबण्याची सोय ज्याच्या रचनेत आहे ते काम कधी तरी कायमचे थांबेल ही शक्यता आरंभापासूनच त्याच्यासोबत असते. तिला इच्छाशक्तीचे अपयश म्हणणे हे कारण सोडून परिणामाला दोषी धरण्यासारखे आहे.

मात्र या ठिकाणी एक सावधगिरी आवश्यक आहे. व्यत्ययाला रचनेचे तत्त्व म्हटले की अपूर्णतेचे सौंदर्य वर्णन करण्याचा मोह होतो, आणि तो मोह अन्यायाच्या सोयीचा असतो. ज्यांनी वेळ हिरावला त्यांनीच अर्धवट कामातील नजाकत वाखाणावी, हा काही नैतिक विचार नव्हे. म्हणून ‘न संपलेले’ आणि ‘संपू न दिलेले’ यांत भेद केला पाहिजे. चौथा मोर कंटाळ्याने राहिला असेल, किंवा त्या संध्याकाळपासून घरात कुणाची तरी शुश्रूषा सुरू झाली म्हणून राहिला असेल. वस्तूकडे पाहून हा भेद कळत नाही, कारण दोन्ही रेघा सारख्याच निळ्या असतात. अपूर्ण वस्तूविषयी निवाडा देणाऱ्याने प्रथम तिचा इतिहास विचारला पाहिजे, एवढे मात्र यातून निश्चित निष्पन्न होते.

३

गिरणगावात हा प्रश्न विचारण्याला आणखी एक कारण आहे. तेथील वस्तीचे बाहेरचे कामही कापडाचेच होते. पण गिरणीत सूत काढणाऱ्या खात्यातील कामगाराला त्या सुताचे कापड झालेले पाहण्याचे प्रयोजन नसे, आणि साच्यावरचे अर्धे कापड पाळी सुटताच पुढच्या पाळीच्या साचेवाल्याच्या स्वाधीन होई. कामगाराची पाळी संपे; काम संपत नसे आणि अपूर्णही राहत नसे. ‘माझे काम अर्धे राहिले’ असे म्हणण्याचा अधिकार ज्याचे काम त्याचे असते त्यालाच असतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लाख कामगारांच्या पाळ्या थांबल्या, आणि पुढे गिरण्याच थांबल्या. त्या थांबण्याचे दुःख फार मोठे होते. तरी साच्यावर राहिलेल्या कापडाला विणणाऱ्याने आपले अपूर्ण काम म्हणावे अशी त्याच्या श्रमाची व्यवस्थाच नव्हती.

घरी बसून नगावर केलेल्या कामाचीही गत याहून फार वेगळी नाही. तेथे पुरा नग मोजला जातो. अर्ध्या नगाला किंमत नसते. गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी आरंभिलेल्या लिज्जत पापडाच्या उद्योगात स्त्रिया पीठ घरी नेतात आणि लाटलेले पापड परत आणून देतात. सहकारी मालकीमुळे त्या उद्योगाने अनेक घरांना आधार दिला, हे निर्विवाद आहे. तरीही त्या कामात पूर्णता वजनात मोजली जाते, आणि अर्धवट लाटलेल्या पापडाचा प्रश्न कुणाच्या ट्रंकेत वर्षानुवर्षे पडून राहत नाही. बाजारासाठी केलेले काम अपूर्ण राहू शकत नाही. ते एक तर होते किंवा फुकट जाते. अपूर्ण राहण्याची मुभा स्वतःच्या कामालाच असते. या दृष्टीने पाहिल्यास ट्रंकेतील अर्धा रुमाल हा दिवसातील तेवढा काळ कुणाच्याही हिशेबात नव्हता याचा पुरावा ठरतो.

४

अपूर्णतेविषयी सरसकट बोलण्याने आणखी एक भेद झाकला जातो, तो द्रव्याचा. सर्व हस्तकामे एकाच प्रकारे अपूर्ण नसतात.

सुयांवरचे विणकाम उसवता येते. शेवटचा टाका बंद होईपर्यंत, आणि पुष्कळदा त्यानंतरही, लोकर पुन्हा गुंडा होऊ शकते. धुऊन वाळवली की तिच्यातील वळणेही बरीचशी जातात. विणकामात आरंभ मागे घेता येतो. भरतकाम आणि शिवण यांचे तसे नाही. दोरा काढला तरी सुईची भोके कापडावर काही काळ दिसत राहतात. आणि बेतलेले कापड तर पुन्हा थान होत नाही. कात्री चालवण्यापूर्वी हात घुटमळतो तो याच जाणिवेने. तिसरा प्रकार गोधडीचा. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी विरली की तिच्यावर नवा थर चढवून ती पुन्हा शिवली जाते. सातारा, कोल्हापूर किंवा कोकण येथून आलेल्या कुटुंबांत अशा गोधडीच्या पोटात दोन-तीन पिढ्यांची वस्त्रे असू शकतात. तिचा शेवटचा टाका कोणता, हा प्रश्नच तेथे नीट विचारता येत नाही.

मागे घेता येणारी, मागे न घेता येणारी आणि कधीच पुरी न संपणारी अशा या तीन अपूर्णता आहेत, आणि त्यांची दायित्वेही तीन प्रकारची आहेत. मागे घेता येणाऱ्या आरंभाला मोडलेले वचन म्हणणे अतिरेकी आहे. तो फार तर एक विचार होता. बेतलेल्या कापडाच्या बाबतीत मात्र करणाऱ्याने एक शक्यता घेण्यासाठी इतर सर्व शक्यता नष्ट केलेल्या असतात, म्हणून तेथे दायित्व अधिक. गोधडीच्या बाबतीत दायित्व पूर्णतेचे नसून पुढे चालू ठेवण्याचे असते. येथेच आरंभीची म्हण स्वतःच्या प्रतिमेत अडकते. ‘धड’ म्हणजे अखंड वस्त्र आणि ‘चिंध्या’ म्हणजे टाकाऊ, असा तिचा हिशेब आहे. परंतु ज्या भाषेने ही म्हण घडवली तिच्याच घरांत भाराभर चिंध्या हे गोधडीचे भांडवल आहे. धड वस्त्राची गोधडी होत नाही; त्यासाठी ते आधी वापरून विरावे लागते.

५

साहित्यविचाराच्या दृष्टीने येथे एक अडचण उभी राहते. कलाकृतीची पूर्णता ही तिच्या मूल्यमापनाची अट मानली, तर अपूर्ण वस्तूविषयी काही बोलताच येत नाही. बा. सी. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारात संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांना मध्यवर्ती स्थान आहे. यांतील समतोल हा घटकांच्या परस्परसंबंधांतून सिद्ध होणारा, म्हणजे संपूर्ण आकृतीचा गुण आहे. तीन मोरांच्या चादरीत चौथा कोपरा रिकामा असेल तर समतोल ढळला आहे, की तो अजून यावयाचा आहे, हे मर्ढेकरी परिभाषेत सांगणे अवघड जाते.

येथे द. ग. गोडसे यांच्या ‘पोत’ (१९६३) या ग्रंथातील मध्यवर्ती संकल्पना वेगळी वाट दाखवते. एखाद्या कालखंडाच्या निर्मितीला, मग ती शिल्पातील असो वा शब्दातील, आतून एक पोत असतो, अशी गोडसे यांची धारणा आहे. घरगुती हस्तकाम हा त्यांचा विषय नव्हे. परंतु वस्त्रावरून घेतलेली ही संकल्पना वस्त्राकडे परत नेली तर तिचा एक विशेष ध्यानात येतो. आकृती संपूर्ण वस्तूला असते. पोत वितभर कापडातही पुरता असतो. अर्ध्या रुमालाला आकृती नाही, पण त्याच्या साखळ्या आणि खांब किती ताणून घातले आहेत, हात कोठे घट्ट झाला, कोठे सैल पडला, हे सर्व त्यात आहे. गावदेवीच्या सेवासदनासारख्या, १९०८ साली स्थापन झालेल्या संस्थांनी आणि पुढे मुलींच्या शाळांनी जे शिवणाचे वर्ग चालवले त्यांत नमुन्यांना महत्त्व होते. साखळी टाका, गहू टाका, काज टाका यांचा बोटभर कापडावरचा नमुना ही कोणतीच वस्तू नसते; पण तो अपुरा आहे असे कोणी म्हणत नाही. हात कळण्यासाठी तेवढा पुरतो.

तेव्हा अपूर्ण वस्तूचे मूल्य आकृतीच्या निकषावर शून्य आणि पोताच्या निकषावर पुरेपूर असू शकते. समीक्षेने अपूर्ण साहित्यकृती वाचताना नेमके हेच केले आहे. मराठीत ज्या वाङ्मयप्रकाराला ‘कादंबरी’ म्हणतात त्याचे नावच बाणभट्टाच्या अशा ग्रंथावरून आले आहे, जो त्याच्या हातून पूर्ण झाला नव्हता. कथानक मध्यावर थांबले म्हणून बाणाच्या गद्याचा पोत कोणी कमी लेखला नाही.

६

तरीही नैतिक प्रश्न सौंदर्याच्या प्रश्नात विरघळत नाही, कारण हस्तकाम पुष्कळदा कुणासाठी तरी असते. स्वतःच्या विरंगुळ्यासाठी घेतलेले काम आणि दुसऱ्याला द्यावयाचे काम यांत फरक केला पाहिजे. दुसऱ्या प्रकारात रुखवत आणि बाळंतविडा ही दोन उदाहरणे विशेष बोलकी आहेत.

रुखवताला मुहूर्त असतो. त्या तारखेपर्यंत तोरण, रुमाल, भरलेले पडदे तयार असावेच लागतात. आणि म्हणूनच वधूने सुरू केलेले काम मावशी, आत्या, चाळीतल्या शेजारणी यांच्या हातांनी तडीला जाते. मांडामांडीच्या वेळी मात्र ‘सगळं मुलीनं केलं’ असे सांगितले जाते. म्हणजे येथे पूर्णता मिळते ती कर्तृत्वाविषयीच्या एका सर्वसंमत असत्याच्या मोबदल्यात. पुढे रुखवत तयार विकत मिळू लागले तेव्हा हे असत्य संपले नाही, केवळ महाग झाले. एका हाताने अपुरे ठेवलेले काम आणि अनेक हातांनी पुरे करून एका नावावर मांडलेले काम यांत अधिक प्रामाणिक कोणते, हा प्रश्न सामूहिक कर्तृत्वाच्या ग्रंथांविषयी विचारला जातो तितक्याच गांभीर्याने येथेही विचारता येईल.

बाळंतविड्यातील झबली, टोपरी, दुपटी यांची गोष्ट वेगळी. येथे ज्याच्यासाठी काम चालले आहे तो थांबत नाही. एका बाहीवाचून राहिलेला स्वेटर ज्या मुलासाठी होता ते मूल वर्षभरात त्या मापाचे राहत नाही. वचन मोडले असे म्हणावे तर ज्याला वचन दिले तो त्या मापाने अस्तित्वातच नाही. आता बाही पूर्ण केली तरी वचन पाळले जाणार नाही. एक स्वेटर तेवढा तयार होईल. काही वचनांची मुदत ती घेणाऱ्याच्या वाढीतच संपते. त्यानंतर उरते ती खंत. तिला दायित्व म्हणता येत नाही, आणि दायित्व नाही म्हणून ती खोटीही ठरत नाही.

अर्धवट राहिलेल्या प्रयत्नाचे काय होते, हा प्रश्न गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने विचारला आहे. योगमार्गाला लागलेला आणि सिद्धीपूर्वीच चळलेला माणूस फाटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून जातो काय, अशी त्याची शंका आहे. चांगले करणाऱ्याची दुर्गती होत नाही, आणि पुढच्या जन्मी त्याला पूर्वीच्या संस्कारापासूनच पुढे जाता येते, असे त्याला उत्तर मिळते. हे आश्वासन योगसाधनेविषयीचे आहे. ते जसेच्या तसे हस्तकामाला लावणे ओढाताणीचे होईल. परंतु त्यातील तर्क लक्षणीय आहे. व्रताच्या न्यायाने अपूर्ण म्हणजे निष्फळ. येथे अपूर्ण म्हणजे जेथे थांबले तेथून पुढे जाण्याजोगे. एकाच परंपरेत हे दोन न्याय शेजारी शेजारी नांदत आहेत, आणि घरातील अर्धवट कामाला नेहमी पहिलाच लावला जातो.

यावर असा आक्षेप येईल की, मग पूर्ण करण्याचे प्रयोजनच काय? केवळ विणण्याच्या क्रियेलाच मूल्य मानले तर रोज विणून रोज उसवावे. होमरच्या महाकाव्यातील पेनेलोपी तेच करते; सासऱ्याचे शववस्त्र दिवसा विणते आणि रात्री उकलते. पण तिच्या कृतीला अर्थ येतो तो वस्त्र पूर्ण होणार आहे यावर इतरांचा विश्वास असल्यामुळे. अरिस्टॉटलने गती आणि क्रिया यांत जो भेद केला आहे त्यानुसार पाहणे प्रत्येक क्षणी पूर्ण असते, तर घर बांधणे घर उभे राहीपर्यंत अपूर्ण असते. विणणे दुसऱ्या गटातले आहे. कशाचे तरी विणणे असल्याखेरीज ते विणणेच होत नाही. पुढचा खांब कोठे घालावयाचा हे पुऱ्या रुमालाच्या कल्पनेनेच ठरते. तात्पर्य, हस्तकामाला साध्य अपरिहार्य आहे. ते साध्य हाती येणे मात्र अपरिहार्य नाही. म्हणीने या दोन गोष्टी एक मानल्या, आणि आक्षेपकही तेच करीत आहे.

७

उरतो तो सर्वांत कठीण प्रश्न: करणारी गेल्यानंतर तिच्या अपूर्ण कामाचे काय करावे? मध्य आणि दक्षिण मुंबईत हा प्रश्न आज तात्त्विक राहिलेला नाही. जुन्या चाळी पुनर्विकासासाठी रिकाम्या होत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील पहिल्या काही कुटुंबांना नव्या, ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घर बदलताना ट्रंक उघडावीच लागते. तिच्यातील वस्तूविषयी तीन पर्याय असतात: ती पूर्ण करावी, उसवून द्रव्य मोकळे करावे, किंवा आहे तशी ठेवावी. टाकून देणे हा चौथा पर्याय. तो बहुधा या तिघांचा विचार टाळण्यासाठी घेतला जातो.

साहित्याच्या इतिहासात या प्रश्नाला दिलेली उत्तरे उद्‌बोधक आहेत. बाणाच्या मुलाने वडिलांचा ग्रंथ पुढे नेला, आणि तो अपुरा राहिल्याने सज्जनांना होणारे दुःख पाहून आपण हे काम हाती घेतले, कवित्वाच्या गर्वाने नव्हे, असे कारण दिले. एकनाथांच्या ‘भावार्थरामायणा’तील युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायानंतरचा भाग त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केला, असे परंपरा मानते, मंद समजल्या गेलेल्या शिष्याकडे हे काम यावे, हा त्या परंपरेचा खास विशेष. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले आणि १९१९ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. उरलेल्या महाकाव्याचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. याच्या उलट टोकाला व्हर्जिलच्या ‘इनीड’चे संपादक आहेत. कवीने ग्रंथ जाळावा अशी इच्छा व्यक्त केली होती. ऑगस्टसच्या आज्ञेने त्यांनी तो प्रसिद्ध केला, पण अर्ध्या राहिलेल्या ओळी अर्ध्याच ठेवल्या.

या उत्तरांत विरोध दिसतो, पण एक समान सूत्रही आहे. जेथे पुढे नेणाऱ्याने नाते मान्य केले आणि आपला हात वेगळा आहे हे लपवले नाही, तेथे पूर्ण करणे हे मूळ हाताशी केलेले संभाषण ठरले. गावबाचे नाव परंपरेने जपले आहे, आणि ‘ख्रिस्तायना’त कोणी किती रचले हे झाकलेले नाही. दोष पूर्ण करण्यात नसतो, सांधा बुजवण्यात असतो. रुखवताची नैतिक उणीव हीच होती. आईने विणलेल्या पाठ-पोटाला मुलीने बाही जोडली तर तिच्या टाक्यांचा ताण निराळा पडणार. जुन्या लोकरीचा लॉट आता मिळणार नाही, म्हणून रंगातही किंचित फरक दिसणार. तो फरक दिसू देणे म्हणजे दोन आयुष्ये एकच होती असा बहाणा न करणे होय. उसवण्यालाही हाच न्याय लावता येतो. लोकर उसवून तिचे मोजे विणणाऱ्या मुलीने आईचे काम नष्ट केलेले नसते. विणकाम ज्या जातीचे आहे त्या जातीला साजेसा वारसा तिने घेतलेला असतो. भरलेल्या चादरीच्या बाबतीत मात्र उसवण्याने भोकांखेरीज काही हाती लागत नाही, म्हणून तेथे पूर्ण करणे किंवा ठेवणे हेच पर्याय उरतात. निर्णय द्रव्यावर अवलंबून असतो, आणि काम ज्याच्यासाठी होते त्याच्यावर. ‘पूर्ण केलेच पाहिजे’ किंवा ‘हात लावू नये’ असा सरसकट नियम दोन्हीकडून चुकतो.

आणि जे ‘संपू दिले गेले नाही’ त्याचे काय? चौथ्या मोराची निळी रेघ तशीच ठेवण्याला येथे वेगळे प्रयोजन मिळते. मुलीने तो मोर भरून टाकला तर चादर देखणी होईल. पण ती संध्याकाळ, आणि त्यानंतरची वर्षे, कुणी घेतली हा प्रश्नही त्याच दोऱ्याखाली झाकला जाईल. काही अपूर्णता साक्षीदारासारख्या असतात, आणि साक्षीदाराची साक्ष इतरांनी पुरी करायची नसते. अशा चादरीला कपाटात जागा देणे ही भावविवशता नव्हे. त्या घराने वेळेची वाटणी कशी केली होती, याची ती नोंद आहे.

म्हणीने अर्ध्या कामांचे धड आणि चिंध्या असे दोनच ढीग केले होते. घरातील अर्ध्या कामांकडे नीट पाहिले असता ढीग बरेच निघतात: मागे घेता येणारे, मुदत संपलेले, पुढे चालवायचे, आणि साक्ष म्हणून ठेवायचे. यांतील प्रत्येकाशी वागण्याची रीत वेगळी आहे, आणि ती रीत ठरवण्यासाठी काम कुणी घेतले, कुणासाठी घेतले, कशामुळे थांबले हे तीन प्रश्न विचारावे लागतात. हे प्रश्न विचारण्याची तसदी न घेता उच्चारलेली म्हण ही स्वतःच एक अर्धवट सोडलेला विचार आहे.